पान एकशे सदतीस

नवव्या फर्म्याचे पाचशे ताव मी रद्दी समजून बाइंडरला देऊन टाकले.

चूक माझी. त्यात मशीनमनचा हात नाही, मालकांचा नाही, ग्रहांचा तर मुळीच नाही. छपाई सुरू करताना पहिले काही ताव फिके निघतात, डागाळतात. त्यांचा वेगळा गठ्ठा करून त्यावर निळ्या पेन्सिलीनं फुली मारायची, एवढं साधं काम माझ्याकडं होतं. मी खराब गठ्ठ्यावर फुली मारली आणि त्याच झोकात शेजारच्या चांगल्या गठ्ठ्यावरही मारली. का मारली, ते आजही सांगता येत नाही. बहुधा चहा यायचा होता.

तुम्ही छापखान्यात कधी गेला नसाल तर सांगतो. फर्मा म्हणजे पुस्तकाची सोळा पानं, एका मोठ्या तावावर पुढून-मागून छापलेली. नववा फर्मा म्हणजे पान एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस. आमचा छापखाना लहान, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं मोजकी. एक फर्मा छापून झाला की त्याचे खिळे सोडायचे, लाकडी खणांत परत टाकायचे आणि पुढचा जुळवायला घ्यायचा. हस्तलिखिताच्या पट्ट्या कापून जुळाऱ्यांना वाटलेल्या असत. काम झालं की त्या पट्ट्या आणि प्रूफं पाणी तापवायच्या बंबात जात. प्रत्येक फर्म्याचा एक ताव जपून ठेवायचा असतो, तेही काम माझ्याकडंच होतं. तेव्हा नववा फर्मा जगात कुठंही उरला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांचं ते पुस्तक होतं त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कोल्हापूर संस्थान होतं तोवर ते दप्तरखान्यात नकलनवीस होते. कुणी अर्ज केला की जुनी सनद, वतनाचा कागद, एखादा फैसला समोर ठेवायचा, त्याची हातानं नक्कल उतरवायची आणि खाली ‘अस्सल बरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असं लिहून सही करायची. तीस वर्षं त्यांनी हे केलं. संस्थान विलीन झालं, आबा राजारामपुरीतल्या घरी बसले, पण ओळीखाली फिरणारं बोट काही थांबलं नाही. बोलताना त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी टेबलावरून, मांडीवरून, नाहीतर हवेतून हळूहळू उजवीकडं सरकायची. कुठल्यातरी न दिसणाऱ्या ओळीखाली ती ठेवलेली असे. तुम्ही त्यांना गावातली एखादी खमंग बातमी सांगितली की बोट थांबायचं.

“हे अस्सल, का ऐकीव?”

“ऐकीव, आबा.”

“मग खाली तसं लिही.” आणि बोट पुढं निघायचं.

ते पुस्तक त्यांच्याकडं कसं आलं तेही सांगतो. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथली एक शिक्षिका स्वतःच्या दाखल्यांच्या नकला करून घ्यायला दप्तरखान्यात आली. आबांचं इंग्रजी अक्षर बघून बाई इतकी खूश झाली की पुढच्या खेपेला तिनं त्यांना एक कादंबरी वाचायला दिली. फिलिपाइन्स बेटांवरच्या एका माणसानं लिहिलेली, इंग्रजीत आणलेली. तिथं स्पेनचं राज्य. त्या राज्याच्या आडोशाला गावोगाव बसलेले झगेवाले पाद्री, तोंडात देव आणि हातात सगळ्या गावाची नाडी. लिहिणाऱ्याला पुढं सरकारनं गोळ्या घातल्या.

“एका पुस्तकापायी माणूस मारला,” आबा म्हणायचे. “मग ते मराठीत यायला नको व्हय?”

दोन वर्षं खपून त्यांनी ते मराठीत उतरवलं. तोवर छावणी उठली होती. बाई इंग्लंडला गेली होती. जाताना पत्ता ठेवून गेली होती आणि आबांनी पुस्तक परत करायचा शब्द दिला होता. भाषांतर संपलं त्या आठवड्यात त्यांनी पुस्तक पोस्टानं पाठवून दिलं. तुम्ही-मी काय केलं असतं ते आपल्याला माहीत आहे. माझ्याकडं अजून तीन वाचनालयांची पुस्तकं आहेत.

प्रूफं वाचायला ते रोज दुपारी छापखान्यात येत. माझ्यासमोर बसून एकेका अक्षराखाली बोट सरकवत. मला तेव्हा वाटायचं की मला मराठी येतं. एकदा मी त्यांचं एक लांबलचक वाक्य मधे तोडून त्याची दोन केली. आबांनी चष्म्यावरून बघितलं.

“तू हुशार हायस.”

मी ओशाळं हसलो.

“पर नकलेत हुशारी लागत न्हाय. परत जोड.”

मी जोडलं.

घोटाळा कळला तो पुस्तक शिवायला घेतल्यावर. आठव्या फर्म्याच्या पुढं एकदम दहावा. मी गोदाम पालथं घातलं, मशीनखाली शिरलो, मालकांच्या गादीखालीही बघितलं. शेवटी बाइंडरकडं गेलो. तो खळ ढवळत होता. म्हणाला, “फुलीचा गठ्ठा व्हय? त्याचे तर पुठ्ठे झाले की. श्रावणाच्या पोथ्यांना लागले.”

त्या दिवसांत पुठ्ठा मिळत नसे. खराब ताव पोथीच्या मापानं कापायचे, एकावर एक खळीनं चिकटवायचे, दाबाखाली ठेवायचे, झाला पुठ्ठा. त्यावर बाहेरून लाल कापड आणि आतून कोरा कागद. त्या पोथ्या महाद्वाराजवळच्या दुकानांत गेल्या होत्या, पेठ वडगावच्या बाजारात गेल्या होत्या आणि तिथून कुठल्या-कुठल्या खेड्यांतल्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या होत्या. पाद्र्यांवर कोरडे ओढणारी आबांची सोळा पानं कोल्हापूरच्या पंचक्रोशीत हळद-कुंकू वाहून घेत होती.

आठ दिवस मी आबांना “कागद आला नाही” असं सांगितलं. नवव्या दिवशी छापखान्याच्या पायरीवर सगळं कबूल केलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते खाली बसले. बोट मांडीवर तसंच थांबलेलं.

“दुसरी प्रत असेल ना, आबा? घरी?”

“जन्मभर लोकांच्या कागदांच्या नकला केल्या,” ते म्हणाले. “आपल्या कागदाची करायची असती, हे ध्यानातच न्हाय आलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “सगळं पुस्तक मी त्या सोळा पानांसाठी लिहिलं रे.”

त्या पानांत असं होतं की एक मुलगा परदेशातून गावी येतो. बाप मेलेला. पाद्र्याची मर्जी गेली होती, म्हणून मेल्यावरही त्याला दफनभूमीत राहू दिलेलं नाही. मुलगा तिथं जाऊन बापाची जागा विचारतो.

आबांचे वडील एका वसतिगृहात कोठीवर होते. तिथं सगळ्या जातींची मुलं, आणि हे त्यांच्याच पंगतीला बसून जेवायचे. कुणीतरी बघितलं. भावकीनं वाळीत टाकलं. ते वारले तेव्हा खांदा द्यायला कुणी आलं नाही. गल्लीतल्या गुरुजींना बोलवायला आबा स्वतः गेले. गुरुजी तेव्हा तरुण होते. “मला पंचांची परवानगी नाही,” म्हणाले आणि आत वळले. आबा वीस वर्षांचे. शेजारच्या एका मुसलमान गाडीवानानं आपली बैलगाडी काढली. गाडीत वडील, मागं चालत आबा आणि आई. अशी ती यात्रा पंचगंगेवर गेली.

“त्या दिवसाचं मला कधी लिहिता आलं न्हाय,” आबा म्हणाले. “कुणीतरी तिकडं, बेटावर, लिहून ठेवलं होतं. मी नुस्ती नक्कल केली.”

त्यांनी इंग्लंडला पत्र पाठवलं. ‘इथं राहत नाही’ असा शिक्का घेऊन ते परत आलं. मुंबईच्या पुस्तकवाल्यांना लिहिलं. त्यांनी त्या बेटांचा नकाशा आहे, पाठवू का, असं विचारलं. मी म्हणालो, “आबा, आठवून लिहा. गोष्ट तर डोक्यात आहे.”

“अर्थ हाय डोक्यात. शब्द गेले. अर्थावर मला सही करता येत न्हाय.”

उरल्या पोथ्या. पण पूजेतल्या पोथीचा पुठ्ठा फाडू कोण देणार, आणि तेही पाद्र्यांना शिव्या देणारं पान शोधायला? इथं माझं डोकं चाललं, म्हणजे दुसरा घोटाळा झाला. मी लोकांना सांगायला सुरुवात केली की आबांनी नवस बोललाय. एकशे एक घरी जाऊन पोथी ऐकायची आणि प्रत्येक पोथीला स्वतःच्या हातानं कपाळ लावायचं. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडं बघत राहिले. पन्नाशी उलटली तरी हा माणूस देवळाची पायरी चढला नव्हता.

“खोटं बोलायचं?”

“थोडंसं. सोळा पानांपुरतं.”

बोट दोन-तीनदा पुढं-मागं झालं. “चल,” म्हणाले.

तो श्रावण आणि त्यापुढचाही आम्ही पोथ्या ऐकत हिंडलो. आमची एक पद्धत बसली. आबा पहिल्या रांगेत हात जोडून बसायचे. अध्याय संपला की तीर्थ घ्यायचं. अर्धं प्यायचं, अर्धं तळहातात राखायचं. मग पोथी कपाळाला लावायला घ्यायची आणि त्या तीर्थानं आतल्या कोऱ्या कागदाचा कोपरा भिजवायचा. खळ ओली झाली की कागद सुटायचा. खाली आबांची कादंबरी. पुष्कळदा शाई वरच्या कागदाला चिकटून अक्षरं उलटी आलेली असायची. ती वाचायला मी. छापखान्यात दुसरं काही शिकलो नसलो तरी उलटं वाचायला शिकलो होतो. मी पुटपुटायचो, आबा गुडघ्यावर वही ठेवून उतरवायचे आणि बघणाऱ्यांना वाटायचं, दोघं जप करताहेत. मग आबा कोपरा अंगठ्यानं असा दाबून बसवायचे की पोथीच्या धन्यालाही कळू नये.

एका पुठ्ठ्यातून एखादं पान सुटायचं, तेही अर्धं. बाकीचे थर दगड झालेले. आज एकशे तेहेतीसचा वरचा तुकडा, पंधरा दिवसांनी खालचा. जुळवताना आबा इतके खूश व्हायचे की मला माझी चूक जवळजवळ पुण्यकर्म वाटू लागली होती.

गडमुडशिंगीला एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. “या की पावणं, बसा,” करत त्यानं घोंगडं टाकलं. पोथी झाली, तीर्थ झालं, आमचं काम झालं. उठताना घरातली म्हातारी पुढं आली आणि आबांच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं.

“एवढ्या घरची पोथी ऐकताय. लई पुण्यवान हाय तुमी. माझ्या नातवाच्या डोईवर हात ठेवा.”

आबांनी हात ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. आम्ही परत निघालो. आबा रस्त्यातच थांबले.

“त्या पुस्तकातल्या झगेवाल्याच्याबी बाया पाया पडतात. बघितलंस न्हवं?”

“आबा, तुम्ही कुणाचं काही घेत नाही.”

“घेतलं की. तिचा भरवसा घेतला.” आणि चालू लागले. “तू मला चांगला झगा शिवून दिलास हं.”

 आता कळतं की तिथंच थांबायला हवं होतं. पण पंधरा पानं जुळली होती. राहिलं होतं फक्त एकशे सदतीस. मुलगा दफनभूमीतल्या खड्डे खणणाऱ्याला विचारतो, माझ्या बापाला कुठं ठेवलंस. तो प्रश्न एकशे छत्तीसच्या शेवटच्या ओळीत होता. उत्तर एकशे सदतीसवर.

ते काही सापडेना. आम्ही वडगावचा बाजार केला, हातकणंगल्याच्या बाजूची गावं केली. एकशे छत्तीस चार वेळा निघालं. तोच प्रश्न चार घरांत चार वेळा. शेवटी-शेवटी आबा ते पान दिसताच वही मिटायचे. घरी काकी सांगायच्या, जेवताना ताटाच्या काठावरून बोट फिरवतात आणि मधेच थांबवतात. “उत्तर लिहायची जागा आली की थांबत असंल,” त्या म्हणायच्या. काकी म्हणजे आबांच्या पत्नी, मूळच्या कागलकडच्या. माझ्यावर त्यांचा राग होता. तो त्या चहाबरोबर देत.

मग बाइंडरला आठवलं की त्या पोथ्यांतली एक त्यानं आबांच्या जुन्या गल्लीतल्या गुरुजींना भेट दिली होती. कोण गुरुजी, ते मी सांगायला नको. पस्तीस वर्षं आबा त्या दारासमोरून गेले नव्हते. गल्लीत जायचं झालं तर मागून वळसा घेऊन जात.

“न्हाय,” आबा म्हणाले. “त्या घरात मी हात जोडून बसणार न्हाय.”

मी दिवाळीपर्यंत त्यांना त्याविषयी काही बोललो नाही. मला गप्प बसणं किती जड जातं ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. कार्तिकात एक दिवस सकाळी-सकाळी ते छापखान्यात आले. धुतलेलं धोतर, टोपी, बगलेत वही.

“चल. पर नवसाचं नाव काढलंस तर बघ.”

गुरुजी एकटेच होते. सत्तरीचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. पाटावर बसून वाती वळत होते. पावलांचा आवाज आला तसं मान वर करून म्हणाले, “कोण आहे?”

“वसतिगृहाच्या कोठीवर होते, त्यांचा मुलगा.”

गुरुजींचे हात थांबले. कापूस तसाच बोटांत.  मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगतील.

“गाडीतून नेलं होतं त्यांना,” गुरुजी म्हणाले. “मी खिडकी लावून घेतली. तरी आवाज येत होता. गाडीचं एक चाक वाजत होतं.”

“डावं,” आबा म्हणाले.

“डावं?”

“वंगण नव्हतं.”

“ते मला अजून ऐकू येतं,” गुरुजी म्हणाले. “गाडी पार घाटाकडं वळली तरी येत होतं. पंचांची परवानगी नाही म्हणालो ना मी तुम्हाला? पंचांना मी विचारलंच नव्हतं. मला भीती वाटली, म्हणून मीच म्हणालो.”

आबांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. माफ केलं असंही नाही, केलं नाही असंही नाही. मी आजवर दहा वेळा तो क्षण मित्रांना सांगितला आहे आणि दर वेळी आबांच्या तोंडी काहीतरी घालायचा मोह होतो. पण ते काही बोलले नाहीत. मग उभ्या-उभ्याच त्यांनी सरळ सांगितलं.

“मी एक पुस्तक लिहिलंय, तुमच्यासारख्यांच्या विरुद्ध. त्यातलं एक पान तुमच्या पोथीच्या पुठ्ठ्यात असण्याचा संभव हाय. मला बघायचंय. न्हाय म्हणायचा तुम्हाला हक्क हाय.”

गुरुजी भिंतीला धरून उठले. देव्हाऱ्यातून त्यांनी पोथी काढली, लाल फडकं सोडलं आणि आबांच्या पुढं धरली. “फाडा. मला आता वाचता येत नाही.”

आबांनी तांब्यातलं पाणी बोटानं लावलं. या खेपेला तीर्थ नव्हतं, लपवाछपवी नव्हती. कागद अख्खा सुटून आला. अक्षरं उलटी. मी खाली वाकलो. खरं सांगतो, ते आकडे नीट दिसायच्या आधीच माझ्या तोंडात ‘सदतीस’ येऊन बसलं होतं. बोललो असतो तर आबांचा चेहरा क्षणभर उजळला असता. पण ते बोट कागदावर ठेवून वाट बघत होते.

“बत्तीस,” मी म्हणालो.

“नीट बघ.”

“एकशे बत्तीस, आबा. तिसऱ्यांदा आलंय.”

गुरुजींनी विचारलं, “काय हवं होतं त्या पानात?”

“पोरगा विचारतोय, माझ्या बापाला कुठं ठेवलं,” आबा म्हणाले. “त्याचं उत्तर.”

 मग त्यांनी गुरुजींकडं चमचाभर भात मागितला, त्याची खळ केली आणि कोरा कागद परत त्या पोथीला चिकटवून दिला. किनारी अशा जुळवल्या की नव्यासारखी दिसली. मग आम्ही निघालो. त्या दिवसापासून आबांनी एकही पोथी ऐकली नाही.

पुढच्याच आठवड्यात ते छापखान्यात आले आणि नववा फर्मा जुळवायला दिला. पंधरा पानांचा मजकूर, आणि एकशे सदतीसच्या जागी कोरं पान, वर बारीक अक्षरांत एकच ओळ: ‘येथे अस्सल गहाळ.’

दप्तरखान्यात तसाच रिवाज होता. मूळ कागद फाटलेला असेल, वाळवीनं खाल्लेला असेल, तर नकलेत तेवढीच जागा कोरी सोडायची आणि तसं लिहायचं. मनानं भरायचं नाही.

मालक हवालदिल झाले. “आबा, लोक म्हणतील छापायचं राहिलं.”

“राहिलंच हाय की,” आबा म्हणाले.

पुस्तक निघालं. फार खपलं नाही. सांगलीच्या एका गृहस्थानं पान कोरं आहे म्हणून प्रत परत पाठवली. मी दुसरी पाठवली. त्यानं तीही परत पाठवली आणि सोबत माझ्या अकलेवर चार ओळी लिहिल्या. मी त्या आबांना वाचून दाखवल्या. “अस्सल बरहुकूम,” ते म्हणाले. तेवढंच त्यांना त्या वर्षात हसताना बघितलं.

दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, भर दुपारी आबा गेले. खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. उलट इतकी आली की गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. गडमुडशिंगीचा तो शेतकरी आला, वडगावकडच्या बाया आल्या, सगळ्या पोथ्यांच्या घरच्या. एका साधुपुरुषाला बघायला आल्या होत्या. मी कोपऱ्यात उभा होतो. कुणाला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

काकींनी कुठल्याही गुरुजीला बोलावलं नव्हतं. पण गल्लीच्या तोंडाशी ते म्हातारे गुरुजी येऊन उभे होते. अनवाणी, उन्हात, डोक्यावर काही नाही. कुणीतरी काकींना म्हणालं, त्यांना आत आणू का?

“आणू नगा,” काकी म्हणाल्या. “आन हाकलूबी नगा. उभं ऱ्हाऊ द्या.”

ते उभे राहिले. तिरडी त्यांच्या समोरून गेली, सगळी माणसं गेली. मग एक हात घरांच्या भिंतींना लावत, चाचपडत, बरंच अंतर राखून ते मागून घाटाकडं चालत आले. मी दोनदा मागं वळून बघितलं. त्यांनी मान तिरकी केली होती, कशाचा तरी कानोसा घेत असल्यासारखी. खांद्यावरच्या तिरडीला चाक नसतं, तरी मलाही क्षणभर ते ऐकू आल्यासारखं वाटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी ती सवय मात्र गेलेली नाही. कुणाच्याही घरी गेलो आणि जुनी लाल पोथी दिसली की माझा अंगठा ओला होतो. माझ्या सासुरवाडीत मला असाच पुठ्ठा उचकटताना धरलं. मी नोटा शोधतोय असा तिथं समज झाला, आणि खरं सांगण्यापेक्षा तो मला परवडला. घरी आबांचं पुस्तक आहे. कधीतरी ते एकशे सदतीस उघडून उजेडाकडं धरतो. छापताना शाई ओली होती, त्यामुळं समोरच्या एकशे छत्तीसची अक्षरं त्या कोऱ्या पानावर फिकट उलटी उमटली आहेत. ती मला वाचता येतात. शेवटच्या ओळीत तो मुलगा अजून विचारतोच आहे.

परवा काकींकडं गेलो. त्या आता थकल्यात, पण जिभेला काही झालेलं नाही. अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. मी म्हणालो, “काकी, मी शोधणं सोडलेलं नाही. त्या पोथ्यांतल्या पुष्कळ अजून कुठंतरी असतील. एक ना एक दिवस ते पान सापडेल बघा.”

काकींनी वर बघितलं नाही.

“सापडलं तर माझ्याकडं आणू नगंस, आन तुझ्याकडंबी ठेवू नगंस,” त्या म्हणाल्या. “वाटंत पयला जो माणूस भेटंल त्याच्या हातात दे. कोन का असंना, तुझ्यापेक्षा बरा सांभाळंल.”